उरलेले पैसे कोणाचे? : पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांची गोष्ट



स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी शाळेच्या आठवणींवरच लिहिणार होते. पण त्याआधी शाळेने माझ्यावर एक काम टाकलं. सातवी-आठवीच्या मुलांना धंद्याचं गणित, म्हणजे हल्ली ज्याला बिझनेस मॉडेल म्हणतात ते, सोप्या भाषेत सांगायचं. मी पुण्यात वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा हिला हे येत असणार असं शाळेला वाटलं असावं. मीही हौसेने परदेशी कंपन्यांच्या स्लाइड्स तयार केल्या. आदल्या रात्री माहेरी अंगणात बसले होते. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक चालल्या होत्या. मनात आलं, या मुलांच्या दारावरून रोज एवढा मोठा धंदा जातोय आणि आपण त्यांना कुठल्या कुठल्या कंपन्या सांगतोय! स्लाइड्स तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी मुलांना लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहिते आहे, कारण तासाच्या शेवटी आठवीतल्या एका मुलीने असा प्रश्न विचारला की त्याचं उत्तर मला एकटीला देता आलं नाही.

सुरुवात मात्र आपल्या भेळेपासून केली. आठवीच्या आनंद मेळाव्यातला आपल्या वर्गाचा स्टॉल आठवतो ना? वीस जणांनी पाच-पाच रुपये काढले, शंभर रुपये जमले. चुरमुरे, फरसाण, कांदे, चिंच, गूळ सगळं त्यात आणलं. मेळावा संपला तेव्हा डब्यात एकशे ऐंशी रुपये होते. आणि मग भांडण सुरू झालं. कांदे चिरणारे म्हणाले, आम्हाला जास्त पाहिजेत. स्टॉलवर ओरडून गिऱ्हाईक आणणारे म्हणाले, आमच्यामुळे विक्री झाली. शेवटी गणिताच्या बाईंनी निवाडा केला. आधी प्रत्येकाचे पाच रुपये परत. उरले ऐंशी. त्यातले दोन-दोन रुपये प्रत्येकाला, म्हणजे चाळीस. राहिलेल्या चाळिसात वर्गासाठी नकाशा आणि खडूंचे बॉक्स.

मुलांना मी सांगितलं, कोणताही धंदा समजून घ्यायचा तर पाच प्रश्न विचारा. आपण कोणाला काय देतोय? ते देण्यासाठी खर्च किती येतो? पैसा कुठून येतो? बुडालं तर नुकसान कोणाचं? आणि सगळं भागवून जे उरतं, ते कोणाचं? पहिल्या तीन प्रश्नांवरून धंदा चालेल की नाही ते कळतं. शेवटच्या दोन प्रश्नांवरून तो धंदा माणसांशी कसा वागेल ते कळतं. आपल्या वर्गाने भांडण केलं ते पाचव्या प्रश्नावर. विठ्ठलरावांचं सगळं आयुष्य याच प्रश्नामागे गेलं.

विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील यांचा जन्म १८९७ साली लोणी बुद्रुक इथे, नारळी पौर्णिमेला झाला. लोणी आज राहाता तालुक्यात येतं. घर शेतकऱ्याचं. शिक्षण गावातल्या शाळेत, तेही थोडंच. पुढे ज्या माणसाच्या नावाने कॉलेजं उभी राहिली, त्याने स्वतः कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मुलांना हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचे दोघे-तिघे जरा ताठ बसले. त्यांना मी लगेच सांगून टाकलं की शाळा सोडायचं निमित्त म्हणून ही गोष्ट वापरायची नाही. शिक्षण नसल्याची उणीव विठ्ठलरावांना आयुष्यभर जाणवली असावी, असं त्यांचं पुढचं काम पाहिलं की वाटतं.

त्या काळचा नगर जिल्हा डोळ्यांपुढे आणा. पाऊस बेभरवशाचा. ज्वारी-बाजरी आली तर आली. बी-बियाणं, बैल, लग्नकार्य, सगळ्याला पैसा सावकाराचा. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखती जाळली होती, ते आपण इतिहासात दख्खनचे दंगे म्हणून शिकलो. सरकारने कायदा केला, पण गरज तशीच राहिली. सावकारी हाही एक धंदाच होता आणि त्याचं गणित चोख होतं. शेतकऱ्याला पैसा पेरणीच्या वेळी लागतो आणि पीक येतं चार-पाच महिन्यांनी. मधल्या काळाची किंमत म्हणजे व्याज. पाऊस पडला नाही तरी सावकाराचं व्याज चालू राहतं आणि शेवटी जमीन त्याच्याकडे जाते. नुकसान एकाचं आणि उरलेलं दुसऱ्याचं, अशी ही वाटणी होती.

देशात १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. तो कागदावर होता, गावात आणायला माणूस हवा होता. विठ्ठलरावांनी १९२३ साली लोणी बुद्रुकची सहकारी पतपेढी सुरू केली. तेव्हा ते पंचविशीत होते. पतपेढीचं गणित सावकाराच्या उलटं. गावातल्या लोकांनी एकत्र येऊन पैसा उभा करायचा, एकमेकांना जामीन राहायचं, कमी व्याजाने कर्ज द्यायचं आणि वसुलीही आपणच करायची. इथे कर्ज बुडवणारा कोण हे सगळ्या गावाला माहीत असतं, त्यामुळे भिडेपोटी तरी पैसे परत येतात. मुलांना मी सांगितलं की गावातली ओळख आणि विश्वास हेच या धंद्याचं खरं भांडवल. बँकेला जी माहिती गोळा करायला खर्च येतो, ती गावकऱ्यांना फुकट असते. विठ्ठलरावांनी आसपासच्या गावांतही अशा पतपेढ्या काढण्यासाठी खटपट केली. पुढच्या मोठ्या कामाची तालीम त्यांची तिथे झाली.

याच सुमारास जिल्ह्याचा नकाशा बदलत होता. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांना पाणी आलं. जिथे बाजरी होती तिथे ऊस उभा राहिला. पण पाणी आलं म्हणून शेतकरी सुखी झाला, असं घडलं नाही. उसाचं एक वैशिष्ट्य आहे. तोडल्यावर तो लवकर गाळावा लागतो, नाहीतर वजनही घटतं आणि साखरही. ज्वारीचं पोतं घरात ठेवून भाव वाढायची वाट बघता येते. तोडलेल्या उसाची वाट बघता येत नाही. म्हणजे सौदा करताना शेतकऱ्याचा हात कायम दगडाखाली.

त्याच्यापुढे तेव्हा दोनच वाटा होत्या. एक, स्वतःच्या गुऱ्हाळात गूळ करायचा आणि तो आडत्याकडे न्यायचा. गुळाचा भाव एखाद्या वर्षी चढायचा, एखाद्या वर्षी इतका कोसळायचा की जळणाचा खर्चही निघायचा नाही. दुसरी वाट खासगी कंपन्यांची. हरेगावला बेलापूर कंपनी होती. १९३२ साली बाहेरच्या साखरेवर सरकारने जकात बसवली, देशी साखरेला संरक्षण मिळालं आणि आणखी कारखाने निघाले. टिळकनगरचा कारखाना त्याच काळातला. या कंपन्यांनी कालव्याखालच्या जमिनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतल्या आणि स्वतःच ऊस पिकवला. खंडकरी हा शब्द आपल्यातल्या अनेकांच्या घरात आजही ऐकू येतो, तो तिथून आला. जमीन शेतकऱ्याची, पाणी सरकारी, साखर कंपनीची. शेतकऱ्याच्या वाट्याला ठरलेला खंड, आणि पुष्कळदा आपल्याच रानात मजुरी.

हे विठ्ठलराव पाहत होते. ऊस आपण पिकवतो, पण साखर झाली की तिच्यावर आपला हक्क राहत नाही. शंभर किलो उसातून दहा-अकरा किलो साखर निघते. शिवाय चिपाड जळणाला, मळी दारू-स्पिरिटला. म्हणजे उसाची खरी कमाई शेताच्या बांधाबाहेर होत होती. बांधाबाहेरची ही कमाई शेतकऱ्याच्या घरात आणायची, तर कारखानाच शेतकऱ्याचा हवा. आज हे वाक्य सोपं वाटतं. त्या काळी कर्जबाजारी शेतकऱ्यांनी साखर कारखाना काढायचा, ही कल्पना लोकांना हसण्यासारखी वाटली असेल तर त्यांना दोष देता येत नाही.

१९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, दख्खनच्या कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते प्रा. धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजला शिकलेले अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचा कारखाना काढावा, हा विचार तिथून जोराने पुढे आला. विठ्ठलरावांना हवा होता तो माणूस भेटला.

या जोडीबद्दल मी मुलांना जरा सविस्तर सांगितलं. आमच्या क्षेत्रातही हे रोज दिसतं. विठ्ठलरावांकडे माणसं होती. कोणत्या गावात कोणाच्या शब्दाला वजन आहे, कोणाचा ऊस किती, कोण शब्द पाळतो, हे त्यांना पाठ होतं. गाडगीळांकडे हिशेब होता, कायद्याची जाण होती आणि मुंबई-दिल्लीच्या कचेऱ्यांत त्यांच्या शब्दाला मान होता. फेटेवाला शेतकरी आणि पुण्याचा प्रोफेसर, दोघांचं जग निराळं. पण दोघांनी एकमेकांचा मोठेपणा मानला. गाडगीळ कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि सुरुवातीची अनेक वर्षं राहिले. ज्याने गावोगाव फिरून कारखाना उभा केला, त्याने पहिल्या खुर्चीचा हट्ट धरला नाही. आपल्याकडे पाच माणसांच्या मंडळातही अध्यक्षपदावरून काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे!

आता प्रश्न पैशाचा. कारखान्याला लाखो रुपये लागणार होते. शेतकऱ्यांनी शेअर घ्यायचे, काही भांडवल सरकारने घालायचं आणि बाकीचं कर्ज काढायचं, असं गणित बसलं. त्यातला सगळ्यात अवघड भाग पहिला. सरकार आणि कर्ज देणारे पहिल्यांदा हेच विचारणार की शेतकऱ्यांनी स्वतः किती घातले. विठ्ठलराव गावोगाव हिंडले. लोकांच्या मनात भीती होती. शेअर घेतला तर जमीन जाईल का, कारखाना बुडाला तर घरावर जप्ती येईल का, पैसे घेऊन हे लोक पसार तर होणार नाहीत? ज्यांनी दोन पिढ्या सावकाराचे कागद पाहिले होते, त्यांना अंगठा उठवायची भीती वाटणं स्वाभाविक होतं. इथे पतपेढीतली पंचवीस वर्षांची पुण्याई कामाला आली. लोकांनी योजनेवर विश्वास ठेवण्याआधी माणसावर ठेवला.

मुंबई सरकारात तेव्हा वैकुंठभाई मेहता अर्थमंत्री होते. सहकार त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. त्यांचा पाठिंबा मिळाला, सरकारी भागभांडवल मिळालं आणि नव्यानेच निघालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज मिळालं. १९४८ साली संस्थेची नोंदणी झाली. लोणीजवळच्या माळावर यंत्रं उभी राहिली, त्या माळाचं नाव पुढे प्रवरानगर झालं. १९५०-५१ च्या हंगामात पहिला ऊस गाळला गेला. रोज पाचशे टन गाळपाचा कारखाना, आजच्या मानाने लहानसा. विठ्ठलराव तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. म्हणजे आपल्यापेक्षा थोडेच मोठे. आपलं आता काय व्हायचं राहिलंय असं म्हणणाऱ्या आपल्या ग्रुपवरच्या मंडळींनी याची नोंद घ्यावी.

या कारखान्यात पाच प्रश्नांची उत्तरं बदलली. ऊस देणाराच मालक. शेअर कमी असोत की जास्त, मत प्रत्येकाला एक. ऊस घातला की पहिली उचल मिळायची. साखर विकली, खर्च आणि कर्जाचे हप्ते भागले की उरलेल्यातून पुढचा भाव. म्हणजे उरलेले पैसे कोणाचे, तर ज्याने ऊस घातला त्याचे. नुकसानीतही तोच भागीदार. आणि भेळेतल्या नकाशा-खडूंसारखं, काही पैसे सगळ्यांसाठी बाजूला. प्रवरेच्या परिसरात शाळा निघाल्या, १९६४ साली प्रवरा पब्लिक स्कूल सुरू झालं, सत्तरच्या दशकात दवाखान्याचं काम उभं राहिलं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या कामालाही विठ्ठलरावांचा हातभार होता. न शिकलेल्या माणसाने शिक्षणावर एवढा जीव का लावला असेल, हे मला वेगळं समजावून सांगायला नको.

प्रवरानगरचा कारखाना आशियातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जाऊ लागला. कोपरगाव, राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर, एकेका तालुक्यात कारखाने निघाले आणि मग महाराष्ट्रभर. १९६१ साली विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी पंडित नेहरू प्रवरानगरला आले. गाडगीळ पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. विठ्ठलराव लोणीचेच राहिले, तसेच साधे. एप्रिल १९८० मध्ये ते गेले. आपण तेव्हा पाळण्यात होतो. आज कारखान्याला त्यांचं नाव आहे, विळद घाटातल्या इंजिनिअरिंग कॉलेजलाही आहे आणि नारळी पौर्णिमा राज्यात शेतकरी दिन म्हणून पाळली जाते.

इथपर्यंत सांगून मी थांबले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग आठवीतली ती मुलगी उभी राहिली. तिने विचारलं, ऊस लावणाऱ्याचा शेअर असतो, पण ऊस तोडणाऱ्याचा किती असतो?

वर्गात काही मुलं हसली. मी हसू शकले नाही. कारण मला आपल्या वर्गातली ती आठवली. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखाल. सातवी-आठवीत माझ्या शेजारी बसायची. पाढे सगळ्यात आधी म्हणायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिची जागा रिकामी असायची, ती थेट पाडव्याच्या सुमारास दिसायची. पाथर्डीकडचं तिचं घर, आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर जायचे आणि धाकट्या भावाला सांभाळायला ती बरोबर. नववीत ती आलीच नाही. आपण तेव्हा फार चौकशी केली नाही. मी तर तिच्या जागेवर दप्तर ठेवू लागले.

मी त्या मुलीला खरं ते सांगितलं. तोडणाऱ्याचा शेअर नसतो. विठ्ठलरावांनी सावकार आणि कंपनीच्या कचाट्यातून शेतकऱ्याला सोडवलं, ते फार मोठं काम होतं. पण त्या गणितात मालक म्हणून जागा होती ती ज्याच्याकडे जमीन आणि कालव्याचं पाणी आहे त्याला. कोरडवाहू गावांतून येणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन येतात आणि हंगामभर ती फेडतात. आगाऊ रक्कम, बांधलेलं माणूस, हे गणित आपल्याला सावकाराच्या गोष्टीत भेटलंच होतं. पुढच्या काळात अनेक सहकारी कारखाने कर्जात गेले, काही विकले गेले, तेही मुलांना सांगितलं. एक मत असूनही सभासदांनी हिशेब विचारणं सोडलं की मालकी फक्त कागदावर उरते. मॉडेल चांगलं असलं तरी ते चालवणाऱ्यांनी पाचवा प्रश्न दरवर्षी नव्याने विचारावा लागतो. विठ्ठलरावांनी त्यांच्या काळात तो विचारला. त्यांच्या काळात जे राहून गेलं, ते आपल्या काळाचं काम.

यामुळे त्यांचा मोठेपणा माझ्या मनात जराही कमी झाला नाही. उलट त्या मुलीला हा प्रश्न सुचला, तो त्यांच्या गोष्टीमुळेच सुचला.

तर मित्रमैत्रिणींनो, आता कामाचं. स्नेहमेळाव्यासाठी आपण प्रत्येकी वर्गणी काढली आहे. जेवण, मांडव, गुरुजनांचा सत्कार आणि ही स्मरणिका, सगळा खर्च जाऊन काही रक्कम उरेल असं खजिनदारांनी ग्रुपवर कळवलं आहे. पुन्हा तोच प्रश्न, उरलेले पैसे कोणाचे? पुढच्या वर्षीच्या सहलीचा बेतही मी वाचला आणि मलाही सहल आवडते. पण माझी एक सूचना आहे. शाळेत आजही दिवाळीनंतर काही जागा रिकाम्या होतात. ज्यांचे आईवडील तोडीला जातात, ती मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहिली तर त्यांचं वर्ष वाचतं. त्यांच्या जेवणाला, वह्यांना आणि संध्याकाळच्या अभ्यासाला शाळेमार्फत मदत करता येईल. किती मुलं आहेत आणि खर्च किती येईल, ते मी मुख्याध्यापकांकडून लिहून घेतलं आहे. मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर तो कागद सगळ्यांपुढे ठेवते. हिशेब सगळ्यांनी तपासावा, नीट भांडावं आणि मग प्रत्येकाने एक मत द्यावं.

गणिताच्या बाई मेळाव्याला येणार आहेत, असं कळलं. निवाड्याची गरज पडलीच तर त्या आहेतच.

– १९९५ ची दहावी, ब तुकडी, खिडकीजवळचा दुसरा बाक